पीएलसीतून कम्युनिकेशन मॉड्यूलकडे जाताना इव्हेंट हरवतात: मधली रचना काय ठेवावी?

पंपघर
पाणीपुरवठ्याचं पंपिंग स्टेशन आहे. तीन व्हर्टिकल टर्बाइन पंप, एक छोटा पीएलसी (पंप चालवणारा कंट्रोलर) आणि शेजारी ४जी मॉड्यूल. दोघांमध्ये आरएस-४८५ तारेवर मॉडबस आरटीयू प्रोटोकॉल, १९२०० बॉड, ८ बिट, इव्हन पॅरिटी. मॉड्यूल मास्टर (विचारणारं), पीएलसी स्लेव्ह (उत्तर देणारा). दर ५ सेकंदांनी ६० टॅग (स्थिती आणि मूल्यं) वाचून मॉड्यूल ते एमक्यूटीटी या संदेश-प्रोटोकॉलने सर्व्हरला पाठवतं.

अडचणी तीन:
१. हेडरचा (पंपांच्या सामायिक पाइपचा) प्रेशर स्विच ७००-८०० मिलिसेकंदांसाठी पडून परत उठतो. पंप बंद होतो, पण सर्व्हरवर कारणच दिसत नाही.
२. रेंज गेली की मधल्या काळाचं काहीच मिळत नाही. परत आल्यावर फक्त शेवटची स्थिती दिसते.
३. तिन्ही पंप एकदम बंद झाले की तिघांची वेळ एकच येते. आधी कोण पडलं ते कळत नाही.

पोलिंग (ठराविक वेळाने वाचणं) १ सेकंदावर आणलं तर भागेल का? की पीएलसीतच काही करावं लागेल? पीएलसीत २०० होल्डिंग रजिस्टर (प्रत्येकी १६ बिटांचा एक शब्द) मोकळी आहेत आणि मॉड्यूल रजिस्टरमध्ये लिहूही शकतं.

४८५
नाही भागणार. ८०० मिलिसेकंदांची घटना १ सेकंदाच्या पोलमध्येही निसटू शकते. आणि २ व ३ ला पोलिंगचा काही उपयोगच नाही.

चाकणचा_वायरमन
सोपं आहे. लॅच करा. स्विच पडला की बिट सेट, मॉड्यूलने वाचून परत १ लिहिलं की रीसेट. लॅडर प्रोग्रॅमच्या चार रंगांत (ओळींत) काम तमाम.

स्काडाताई
वायरमनदादा, लॅचने पहिली अडचण अर्धी सुटते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. दोन पोलच्या मध्ये स्विच तीनदा पडला तरी लॅच एकच. वेळ कोणती, तर मॉड्यूलने वाचली ती. क्रम नाही, मोजणी नाही. शिवाय रीसेटची शर्यत असते: मॉड्यूलने बिट वाचला, त्याचा रीसेट पोचायच्या आत स्विच पुन्हा पडला, की आलेला रीसेट ती दुसरी घटनाही पुसून टाकतो.

खारेदाणे
म्हणजे डबा उघडून बघायच्या आधीच घासून ठेवला. घरोघरी हेच.

शिडीवाला
पंपघर, मूळ गोष्ट अशी की मॉडबसला इव्हेंट ही कल्पनाच माहीत नाही. १९७९ सालचा प्रोटोकॉल आहे तो. 'आत्ता रजिस्टरमध्ये काय आहे' एवढंच त्याला विचारता येतं. त्यामुळे घटना हा बिट न मानता तिची नोंद करायची, आणि ती नोंद पोच मिळेपर्यंत पीएलसीतच राहील असं बघायचं. सरकारी कचेरीतली आवक-जावक नोंदवही डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असतो आणि पोच आल्याशिवाय कुणी ते पान फाडत नाही.

प्रत्येक नोंद ८ शब्दांची ठेवा:
शब्द १ – जावक क्रमांक
शब्द २ – पॉइंटचा कोड (१०१ म्हणजे पंप १ ओव्हरलोड, १४० म्हणजे हेडर प्रेशर, असा तक्ता)
शब्द ३ – नवी स्थिती आणि दर्जाचे बिट
शब्द ४-५ – त्या क्षणीचं मूल्य, ३२ बिट
शब्द ६-७ – वेळ, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, यूटीसी
शब्द ८ – मिलिसेकंद

नोंद तयार करायची पद्धत: १६ इनपुटचा एक शब्द घ्या, मागच्या स्कॅनच्या (प्रोग्रॅमच्या मागच्या फेरीच्या) शब्दाशी त्याचा एक्सऑर करा, म्हणजे बदललेले बिट तेवढे १ येतात. उत्तर शून्य असेल तर पुढे चला. नसेल तर जो बिट १ आहे त्याची नोंद रांगेत टाका. पहिल्या स्कॅनला 'मागचा शब्द = आत्ताचा शब्द' एवढंच करून बाहेर पडा. हे राहिलं की वीज आल्यावर चालू असलेल्या प्रत्येक इनपुटची खोटी नोंद पडते.

रांग म्हणजे पीएलसीच्या आत ५०० नोंदींचा रिंग बफर (गोल फिरून वापरायची जागा). ५०० × १६ बाइट = ८००० बाइट. ती रिटेन्टिव्ह (वीज गेली तरी टिकणाऱ्या) मेमरीत हवी, आणि लहान सीपीयूत ही मेमरी बेताचीच असते, तेव्हा आधी तपासा. बसत नसेल तर ३०० ठेवा.

पंपघर
पण ८००० बाइट म्हणजे ४००० रजिस्टर. माझ्याकडे २०० आहेत.

शिडीवाला
अख्खी रांग बाहेर दाखवायचीच नाही. बँकेत लोक आत कितीही असोत, खिडकीशी एका वेळी मोजकेच उभे राहतात. रजिस्टरमध्ये १० नोंदींची खिडकी ठेवा आणि तिच्या आधी ६ रजिस्टरचं हेडर (मथळा, पाइपचं नव्हे):

१ – रचनेची आवृत्ती
२ – वही क्रमांक (रांग पुसली गेली की १ ने वाढतो, का ते खाली)
३ – खिडकीतला शेवटचा जावक क्रमांक
४ – खिडकीत नोंदी किती
५ – आत एकूण किती शिल्लक
६ – जागा नसल्याने किती गेल्या

६ + ८० = ८६ रजिस्टर. मॉडबसच्या फंक्शन ३ (वाचायची आज्ञा) ने एका वेळी जास्तीत जास्त १२५ रजिस्टर वाचता येतात, म्हणजे एका वाचनात बसतं. १६० रजिस्टरची खिडकी केलीत तर दोन वाचनं होतील, आणि त्यांच्यामध्ये पीएलसीने काही बदललं तर अर्धी नोंद जुनी, अर्धी नवी.

मॉड्यूल परत दोन रजिस्टर लिहितं, फंक्शन १६ (लिहायची आज्ञा) ने एकदमच: वही क्रमांक आणि पोच दिलेला जावक क्रमांक. पीएलसी हे दोन्ही हेडरशी ताडून बघतो. जुळले तरच त्या नोंदी रांगेतून काढतो आणि पुढच्या १० खिडकीत भरतो. न जुळल्यास काहीही करत नाही.

दोन नियम मोडू नका. एक, खिडकी भरताना आधी नोंदी, मग शेवटचा क्रमांक, आणि 'नोंदी किती' सर्वांत शेवटी. दोन, पोच येईपर्यंत भरलेल्या खिडकीला पीएलसीने हातही लावायचा नाही. मग मॉड्यूलने तीच खिडकी दहादा वाचली तरी बिघडत नाही.

४८५
वेळेचा हिशेब: १९२०० वर ११ बिटांचं एक अक्षर ०.५७ मिलिसेकंद. ८६ रजिस्टरचं उत्तर १७७ बाइट, सुमारे १०१ मिलिसेकंद. नुसत्या हेडरचं उत्तर १७ बाइट, १० मिलिसेकंदांच्या आत. म्हणून दर सेकंदाला फक्त हेडर वाचा. 'नोंदी किती' शून्य नसेल तरच खिडकी वाचा.

आणखी एक फायदा. काही सीपीयू मॉडबसची उत्तरं स्कॅनच्या मध्येच देतात, तेव्हा खिडकी भरली जात असतानाच वाचन होऊ शकतं. हेडर वेगळं वाचून आकडा दिसल्यावर खिडकी वाचलीत, तर तोवर ती गोठलेली असते.

नागपूरची_संत्री
वाखु (वाचनखूण) साठवली.

खारेदाणे
मी इथे फ्लोट स्विचबद्दल विचारायला आलो होतो, आता बँकेच्या खिडकीशी उभा आहे. टोकन कुठे मिळेल?

कम्पाइलर
एक शंका. हेड-टेल पॉइंटर (नवी नोंद कुठे टाकायची आणि जुनी कुठून वाचायची ते आकडे) थेट मॉड्यूललाच का देऊ नयेत? मॉड्यूलने टेल पुढे सरकवला की झालं.

स्काडाताई
चालतं, पण एका पॉइंटरला एकच मालक हवा. हेड फक्त पीएलसी लिहील, टेल फक्त मॉड्यूल. 'शिल्लक किती' हा काउंटर दोघंही लिहू लागले की एकाचं लिखाण दुसरा पुसतो. आणि टेलमध्ये मॉड्यूलने चुकून ० लिहिला (रीस्टार्टनंतर हे अगदी सहज होतं) की ५०० जुन्या नोंदी पुन्हा नव्या म्हणून निघतात. शिडीवालांच्या पद्धतीत चुकीची पोच नुसती दुर्लक्षिली जाते. मला ती जास्त आवडते.

कम्पाइलर
पटलं. अवांतर: मॉडबसमध्ये फिफो (आधी आलेलं आधी, अशी रांग) वाचायचं फंक्शन २४ आहे ना? ते का नाही वापरत?

४८५
एका वेळी ३१ रजिस्टर, म्हणजे आपल्या तीनच नोंदी. वाचल्यावर रांग रिकामीही होत नाही, म्हणजे पोच वेगळी द्यावीच लागते. आणि ते फंक्शन असलेली उपकरणं शोधत बसा.

बिनतारी
सगळे पीएलसी आणि मॉड्यूलच्या मधल्या तारेबद्दल बोलताहेत. खरी गळती मॉड्यूलच्या पलीकडे असते. मॉड्यूलने पोच कधी द्यायची?

खिडकी वाचल्या वाचल्या दिली तर नोंदी मॉड्यूलच्या रॅममध्ये असतात. तेवढ्यात वीज गेली की पीएलसीतून पुसलेल्या, मॉड्यूलमधून गेलेल्या, सर्व्हरला न पोचलेल्या. पत्र पोस्टमनच्या पिशवीत पडलं म्हणून पोचलं असं होत नाही.

दोनच योग्य क्षण आहेत. ब्रोकरकडून (एमक्यूटीटीच्या सर्व्हरकडून) पबअॅक (मिळाल्याची पोच) आल्यावर, म्हणजे क्यूओएस (पोचवण्याच्या हमीची पातळी) १ हवा. क्यूओएस ० मध्ये पबअॅक नसतोच. किंवा मॉड्यूलने फ्लॅशमध्ये लिहून लिखाण पूर्ण झाल्यावर. तुमची रांग ५०० ची असेल आणि रेंज तासाभराच्या वर जात नसेल तर पहिला मार्ग घ्या, फ्लॅशची झीजही वाचते.

क्यूओएस १ म्हणजे 'किमान एकदा'. पबअॅक वाटेत हरवला तर तीच खिडकी पुन्हा जाईल. म्हणून सर्व्हरवर स्टेशन + वही क्रमांक + जावक क्रमांक अशी युनिक की ठेवा आणि दुसरी प्रत गुपचूप टाकून द्या. दुहेरी नोंद निस्तरता येते, हरवलेली नाही.

पंपघर
वही क्रमांक कशासाठी ते आता लक्षात येतंय. प्रोग्रॅम पुन्हा डाउनलोड केला की जावक क्रमांक १ पासून सुरू होणार, आणि सर्व्हर त्यांना जुन्या नोंदी समजून फेकणार. बरोबर?

शिडीवाला
अगदी. म्हणून वही क्रमांक मात्र रांगेच्या ब्लॉकमध्ये ठेवू नका, वेगळ्या रिटेन्टिव्ह जागी ठेवा. नाहीतर रांग पुसताना तोही पुसला जाईल. डाउनलोडमध्ये रिटेन्टिव्ह मूल्यंही पुन्हा सुरुवातीची होणार असतील तर तो हातानेच वाढवून ठेवा. जावक क्रमांक ६५५३५ नंतर १ वर न्या. ० राखीव, 'कधीच काही आलं नाही' यासाठी. सर्व्हरची की वर्षानुवर्षं टिकवायची तर क्रमांक १ वर परत येतानाही वही क्रमांक वाढवा. आणि असं झालं की आधी जुन्या वहीची खिडकी संपू द्या, दोन वह्यांच्या नोंदी एका खिडकीत मिसळू नका.

सबस्टेशन_आजोबा
मंडळी चाक नव्याने घडवत आहेत. हे सर्व डीएनपी३ या स्काडा प्रोटोकॉलमध्ये तयार आहे. क्लास ० म्हणजे सद्यस्थिती. क्लास १, २, ३ म्हणजे इव्हेंट. मास्टरने कन्फर्म दिल्याशिवाय आउटस्टेशन (स्टेशनकडील उपकरण) बफरमधून इव्हेंट काढत नाही. वेळ ४८ बिट, मिलिसेकंदांत, १९७० पासून. बफर भरून वाहिला तर उत्तरातील आयआयएन २.३ हा स्थितिदर्शक बिट तसे सांगतो. आयईसी १०४ या प्रोटोकॉलमध्येही वेळेसह घटना मिळतात, ७ बाइटच्या टॅगमध्ये. असे मॉड्यूल घ्यावे आणि निश्चिंत व्हावे.

स्काडाताई
आजोबा, तारेपलीकडचं सगळं मान्य. पण मॉड्यूल डीएनपी३ बोलतं म्हणून पीएलसी ते मॉड्यूल हा टप्पा आपोआप सुटत नाही. इथेच बरेच जण फसतात.

रॅकमधलं मॉड्यूल सहसा असं चालतं: पीएलसी बॅकप्लेनवरून (रॅकमधल्या आतल्या जोडणीवरून) सद्यस्थितीचे ब्लॉक पाठवत राहतो, मॉड्यूल आपल्या डेटाबेसमधल्या जुन्या प्रतीशी तुलना करतं, फरक दिसला की इव्हेंट बनवतं आणि स्वतःची वेळ लावतं. दोन ब्लॉकच्या मध्ये बिट ०-१-० झाला तर डीएनपी३ ला त्याचा पत्ताच नाही. तारेवर मिलिसेकंद दिसतात खरे, पण ते मॉड्यूलने बदल पाहिल्याचे.

म्हणून चांगल्या मॉड्यूलमध्ये वेगळा इव्हेंट ब्लॉक असतो. पीएलसी त्यात किती इव्हेंट, पॉइंट इंडेक्स, स्थिती आणि आपली वेळ भरून पाठवतो. मॉड्यूल उत्तरात 'इतके घेतले' सांगतं. उत्तरातला आकडा पाठवलेल्यापेक्षा कमी असेल तर उरलेले परत पाठवायचे. लॅडर लिहिणारे तो आकडा वाचतच नाहीत.

आणि अशा पॉइंटसाठी मॉड्यूलची आपोआप तुलना बंद करायला विसरू नका. नाहीतर एकच ट्रिप (बिघाडाने पंप बंद पडणं) दोनदा येते: एकदा पीएलसीच्या वेळेने, एकदा मॉड्यूलच्या.

सबस्टेशन_आजोबा
तुलना बंद करण्याचा मुद्दा लिहायला हवा होता, राहून गेला. मान्य.

खारेदाणे
आजोबांनी 'मान्य' म्हटलं! या धाग्याची नोंद जावक क्रमांकासह ठेवा.

कोरडा_संपर्क
पहिल्यांदा कोण पडलं यावर कुणी बोललेलं नाही. एका स्कॅनमध्ये सापडलेल्या सगळ्या नोंदींना एकच वेळ मिळते आणि त्यांचा आपसातला क्रम बिट क्रमांकाचा असतो, घडल्याचा नव्हे. बिट ० ला प्रेशर आणि बिट ५ ला फेज असेल तर नेहमी प्रेशरच 'आधी' दिसेल. त्यावर निष्कर्ष काढू नका.

स्कॅन १० मिलिसेकंद, त्यात इनपुट फिल्टर. सीमेन्स एस७-१२०० वर तो मुळात ६.४ मिलिसेकंद असतो. म्हणजे १५-२० मिलिसेकंदांच्या आतला क्रम या पद्धतीने सांगता येत नाही. पंपघराला तेवढं पुरतं, कारण सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की पंप तोडणारा रिले) पडणं आणि प्रेशर पडणं यांत बराच वेळ जातो. १ मिलिसेकंद हवा असेल तर कार्डातच वेळ लावणारं इनपुट कार्ड घ्यावं लागेल.

वायरिंग बघा: ओव्हरलोड रिलेचे संपर्क ९५-९६ कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मार्गात, ९७-९८ पीएलसीच्या इनपुटला. काही पॅनेलमध्ये इनपुट कॉन्टॅक्टरच्या सहायक संपर्कावरून घेतलेला असतो. मग तुम्हाला 'पंप बंद झाला' कळतं, 'का' ते नाही. असल्या इनपुटपुढे रिंग बफर तरी काय करणार?

चाकणचा_वायरमन
हे मात्र लाख बोललात. आणि मुख्य वीज गेल्याची नोंद? पीएलसीच बंद पडला तर ती लिहिणार कोण?

कोरडा_संपर्क
पीएलसी आणि मॉड्यूल दोघांच्या २४ व्होल्टला छोटा डीसी यूपीएस, आणि वीज असल्याचा इनपुट यूपीएसच्या आधीच्या बाजूच्या रिलेवरून. मिनिटभर तग धरला तरी नोंद लिहून पाठवून होते. मॉड्यूल यूपीएसवर नसेल तरी नोंद रिटेन्टिव्ह रांगेत राहते, वीज आल्यावर जाते.

देवगडचा_हापूस
टाकीतला फ्लोट पाण्याच्या लाटांवर नाचतो. अशाने ५०० नोंदी अर्ध्या तासात भरतील की.

स्काडाताई
भरतीलच. फ्लोटला दोन्ही बाजूंनी २-३ सेकंदांचा टायमर लावूनच नोंद करा, वेळ मात्र बदल सुरू झाला त्या क्षणाची. ट्रिपच्या इनपुटला टायमर नको. अॅनालॉगची नोंद डेडबँड (ठरवलेला किमान फरक) ओलांडल्यावरच, आणि तुलना मागच्या *नोंदवलेल्या* मूल्याशी करा, मागच्या स्कॅनच्या मूल्याशी नाही. नाहीतर हळूहळू चढणारी पातळी कधीच नोंदवली जात नाही. रांग ८०% भरली की अॅनालॉग नोंदी थांबवा, ट्रिपसाठी जागा राखा. पूर्ण भरल्यावर नवी नोंद टाकून द्या आणि हेडरमधला सहावा आकडा वाढवा, कारण बिघाडाचं मूळ जुन्या नोंदींत असतं.

सबस्टेशन_आजोबा
येथे मतभेद. आम्ही जुनी टाकतो. ऑपरेटरला आत्ताची परिस्थिती हवी असते.

स्काडाताई
आत्ताची स्थिती क्लास ० मध्ये किंवा साध्या पोलमध्ये येतेच ना, आजोबा. इतिहास मात्र दुसरीकडे कुठेच नसतो.

कम्पाइलर
वेळेबद्दल: पीएलसीत यूटीसी की भारतीय?

बिनतारी
यूटीसी, डोळे मिटून. पीएलसीचं घड्याळ स्थानिक वेळेवर लावलेलं, मॉड्यूलने ते यूटीसी समजून पाठवलं आणि डॅशबोर्डने पुन्हा साडेपाच तास मिळवले, की दुपारी ३ ची ट्रिप रात्री साडेआठला दिसते. सर्व्हरवर बरोब्बर ५ तास ३० मिनिटांचा फरक दिसला तर घड्याळाची बॅटरी बदलायला धावू नका.

मॉड्यूलने नेटवर्कवरून घेतलेली वेळ तासातून एकदा तीन रजिस्टरमध्ये लिहावी: सेकंदांचे दोन शब्द, मिलिसेकंदांचा एक. फरक अर्ध्या सेकंदाहून कमी असेल तर पीएलसीने घड्याळ हलवू नये. वीज आल्यापासून पहिली जुळवणी होईपर्यंत शब्द ३ मधला 'वेळ भरवशाची नाही' हा बिट चालू ठेवा. आणि क्रम नेहमी जावक क्रमांकाने लावा, वेळेने नाही. घड्याळ मागे सरकवलं की वेळेचा क्रम उलटतो.

४८५
३२ बिटांचे शब्द उलटेपालटे होतात का ते आधी बघा. पीएलसीत हेक्स १२३४५६७८ म्हणजे ३०५४१९८९६ ठेवा. मॉड्यूलमध्ये १४५०७०९५५६ दिसलं तर शब्दांची अदलाबदल झाली आहे. आणि रजिस्टर क्रमांक ४०००१ म्हणजे तारेवर पत्ता ०; एकाने चुकलात तर हेडरमधला 'वही क्रमांक' आवृत्तीच्या जागी दिसेल.

ठाणे_लोकल
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पंपघर
सर्वांचे आभार. ठरलं ते असं: ३०० नोंदींची रांग (मेमरी तेवढीच आहे), १० ची खिडकी, दर सेकंदाला हेडर, पबअॅकनंतर पोच, नव्या नोंदी टाकायच्या. प्रेशर स्विचला टायमर नाही. मॉड्यूलमध्ये स्क्रिप्ट लिहिता येते, म्हणजे पोचेचं जमेल. ६० टॅगचं जुनं पोलिंग तसंच ठेवतो, ५ सेकंदांवर. चाचणी कशी घ्यावी?

शिडीवाला
१. अँटेना काढा, इनपुट हलवून ३० नोंदी करा, १५ मिनिटांनी अँटेना लावा. सर्व्हरवर ३० क्रमांक सलग, वेळा मूळच्या.
२. पुन्हा अँटेना काढून १०० नोंदी करा, लावा, आणि त्या जात असतानाच मॉड्यूलची वीज तोडा. परत आल्यावर दुहेरी चालतील, खड्डा चालणार नाही.
३. तेच पीएलसीची वीज तोडून.
४. नेटवर्क बंद ठेवून ४०० ट्रिपच्या नोंदी. हेडरचा सहावा आकडा १०० यायला हवा, आणि सर्व्हरवर पहिल्या ३०० दिसायला हव्यात.
५. प्रोग्रॅम पूर्ण डाउनलोड. वही क्रमांक वाढला का?

ट्रिपच्या ४०० नोंदी हाताने करत बसू नका, चाचणीपुरता प्रोग्रॅममध्येच एक बिट १०० मिलिसेकंदांनी उलटवत ठेवा. नंतर तो काढायला विसरू नका.

चाकणचा_वायरमन
आणि माझा लॅच? अगदीच टाकाऊ का?

पंपघर
नाही दादा, पॅनेलवरच्या लाल दिव्याला तुमचाच लॅच ठेवतोय. तिथे ऑपरेटर स्वतः बटण दाबून पोच देतो.